पावाच्या गाडीची बडबडी सवत

मित्रांनो, मी एक जुनी पावाची गाडी आहे. बेकरीमागच्या छपराखाली राहते. माझ्यात स्टेअरिंग आहे, गिअर आहे, ब्रेक आहे आणि एक हॉर्न आहे. एवढ्यावर माझा संसार सुखाचा झाला. बढाई वाटेल, पण या गावातल्या निम्म्या घरांची न्याहारी माझ्या जिवावर झाली आहे.

मी कारखान्यातून आले तेव्हा बेकरीवाले काका तरुण होते. त्यांच्या कामाची एक ठरलेली रीत होती. सकाळी ते आधी मला सुरू करून ठेवायचे, म्हणजे पाव भरून होईपर्यंत माझे इंजिन तापायचे. निघताना काकू दारात उभ्या असायच्या. पिठाने माखलेला एप्रन त्या काकांकडून काढून घ्यायच्या आणि हातात स्वच्छ कोट द्यायच्या. मग आमची गल्लीबोळांतली फेरी. काका माझे दार उघडेच ठेवायचे आणि फाटकाफाटकाशी टुणकन उतरायचे. लोक म्हणायचे, "गाडी असावी तर अशी." मी मनातून फुलून जायचे.

पुढे पुतण्याच्या हट्टाने नवी गाडी आली. दिसायला देखणी, पण तिच्या तोंडाला कुलूप नाही. दार उघडे राहिले की टीं टीं. शेजारच्या सीटवर पावाचा ट्रे ठेवला, तर त्याला पट्टा बांधा म्हणून टीं टीं. कुंपणाची फांदी दिसली तरी स्वतःच कचकन ब्रेक लावायची आणि मागे पावांची दाणादाण उडायची. एकदा तर तिने काकांना सांगितले, तुम्ही दमलात, विश्रांती घ्या. तेव्हा काका घरापासून जेमतेम दोन गल्ल्या पुढे आले होते.

"होईल सवय, काका," पुतण्या म्हणायचा. सवय झाली खरी. काकांनी तिच्याकडे लक्ष देणेच सोडून दिले.

मी मात्र धूळ खात पडले. फार वाईट वाटले. एका सकाळी भंगारवाला मला न्यायला आला. त्याने साखळी अडकवली, तेवढ्यात काकूंचा फोन वाजला.

काका दवाखान्याच्या फाटकात अडकले होते. रुग्णांना त्रास नको म्हणून तिथे इंजिन बंद करायची त्यांची जुनी सवय. बंद केलेले इंजिन पुन्हा सुरू होईना आणि गाडी जागची हलेना. त्या गाडीला किल्ली फिरवावी लागत नाही, नुसती खिशात असली की पुरते. किल्ली होती एप्रनच्या खिशात. सकाळी गाडी सुरू केली तेव्हा एप्रन अंगात होता, निघताना मात्र तो नेहमीप्रमाणे काकूंकडे गेला. मागे रुग्णवाहिका खोळंबली होती. आत एक म्हातारे गृहस्थ श्वासासाठी धडपडत होते.

"साखळी सोडा," काकू भंगारवाल्याला म्हणाल्या.

"ताई, मी सोडतो ना तुम्हाला ट्रकमधून."

"मोठ्या रस्त्याने वळसा पडेल. मधल्या बोळात तुमचा ट्रक शिरणार आहे का? ढकला हिला."

माझी बॅटरी उतरली होती. भंगारवाला आणि पुतण्या, दोघांनी मला जोर लावून ढकलले. दोन आचके दिले आणि मी सुरू झाले. पुतण्या धावत येऊन आत चढला आणि काकूंनी मला अशी पळवली की तो डोळे मिटून बसला. किल्ली पोहोचली, फाटक मोकळे झाले, रुग्णवाहिका आत गेली.

पुतण्या हळूच म्हणाला, "पण काका, किल्ली नाही हे गाडीने सांगितलं असेल की."

"सांगितलं ना. पण ती सकाळपासून सांगतेच आहे. दार लावा, पट्टा लावा, दमलात. त्यातलं खरं कुठलं, हे मला कसं कळावं?"

भंगारवाला रिकामा ट्रक घेऊन परत गेला. आता लांबून पिठाची पोती आणायची असली की नवी गाडी जाते, आणि गल्लीबोळांची फेरी माझी.

मित्रांनो, मला फार काही लागत नाही. तेलपाणी बघा, धूळ पुसा आणि अधूनमधून फिरवून आणा. एरवी मी गप्प असते. म्हणूनच माझ्या पोटातून कधी खडखड ऐकू आली, तर "चालतंय" म्हणून पुढे जाऊ नका. थांबा, बॉनेट उघडा. मी उगाच ओरडत नाही.