नाकाड्या राजाला हात लावायचा नाही

आमच्या ह्यांचं दुकान चपला-बुटांचं, पण जीव अडकलेला जुन्या नाण्यांत. मी लग्न होऊन आले तेव्हा ती मखमली डबी आधीच कपाटात होती, म्हणजे घरात मान तिचा मोठा. कुठल्या कुठल्या बुडालेल्या राज्यांची नाणी, सगळी काळीकुट्ट. एक राजा तर इतका नाकाड्या की बाकीच्या चेहऱ्याला नाण्यात जागाच उरली नव्हती. हे त्यांना तळहातावरच्या फोडासारखे जपायचे. मी फडकं घेऊन नुसती कपाटाकडे वळले तरी ओरडा व्हायचा, "अगं, हात नको लावूस. तो काळेपणा म्हणजे त्यांचं वय आहे. घासलं की किंमत गेली." हे वाक्य मला झोपेतही म्हणता येईल.

मग आमचं वॉशिंग मशीन बिघडलं. कपडे पिळायला लागलं की ते थरथरत सरकायचं आणि बाथरूमच्या दाराला जाऊन टेकायचं. आत जो असेल तो आतच. एकदा हे अडकले, अंगावर फक्त टॉवेल. नाणी विकून नवीन मशीन घ्यायचं, हे मी त्यांच्याकडून दाराबाहेर उभी राहून कबूल करून घेतलं आणि मगच मशीन ढकललं.

रविवारी नाणी विकत घेणारे गृहस्थ येणार होते. आदल्या दिवशी ह्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. मला वाईट वाटलं, नाही असं नाही, पण भिजलेल्या चादरींचा ढीग बघितला की ते ओसरायचं.

रविवारी सकाळी माझा दात घासायचा ब्रश काळा झालेला दिसला. वास बुटांच्या बकलांना लावायच्या पॉलिशचा. माझ्या ब्रशने बूट घासले म्हणून मी पेटलेच होते, पण तेवढ्यात बेल वाजली, म्हणून भांडण राखून ठेवलं.

नाणेवाल्यांनी खिशातून भिंग काढलं, डबी उघडली आणि भिंग परत खिशात ठेवलं. आत नव्याकोऱ्या चमच्यांसारखा लखलखाट होता.

"कोणी केलं हे?"

हे छताकडे बघत म्हणाले, "आमच्या हिला स्वच्छतेची फार हौस."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ब्रश आणून सगळ्यांसमोर धरावा म्हणून मी उठलेसुद्धा. तेवढ्यात ह्यांची नजर छतावरून डबीत आली. घाईघाईत घासताना त्यांनी नीट बघितलंच नसावं. नाकाड्या राजाचं नाक घासून बसकं झालं होतं. तो आता कोणीही वाटला असता, आणि हे त्याच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसे बघत होते. नाणी जाऊ नयेत म्हणून केलेला उपद्व्याप, आणि घालवली ह्यांनीच. मला इतकी कीव आली की माझा राग तिथेच विरला.

"मीच घासली," मी म्हणाले. "काळी दिसत होती."

"वहिनी, वहिनी," नाणेवाल्यांनी कपाळाला हात लावला. "आता फार तर वजनावर घेईन."

"वजनावर? ती काय रद्दी आहे?" हे म्हणाले, आणि डबी पोटाशी धरून आतल्या खोलीत गेले. चहाही मलाच द्यावा लागला.

त्या दुपारी कोणी न सांगता ह्यांनी चादरी हाताने धुतल्या. पिळता येत नव्हत्या, तरी पिळल्या. संध्याकाळी माझ्या शेजारी येऊन बसले, आणि ज्या डबीजवळ मला कधी फिरकू दिलं नाही, ती माझ्या मांडीवर ठेवली.

"जरा हातात धरून बसतेस का?"

"मी?"

"हाताचा घाम लागला की हळूहळू काळी पडतात. माझ्या एकट्याच्या हातांनी कधी व्हायची?"

तेव्हापासून रोज संध्याकाळी आम्ही दोघं मुठी मिटून बसतो. राजा माझ्याकडे असतो. माझे तळवे जास्त घामट आहेत, हे ह्यांना एवढ्या वर्षांनी कळलं आणि त्याचं त्यांना फार कौतुक वाटतं. काल स्वयंपाकाला उठायचं म्हणून मी नळाकडे निघाले, तर मागून घाबरून म्हणाले, "अगं, हात नको धुऊस."