काळं नख आणि एकशे नव्याण्णव दिवस

दुखणं अंगावर काढणाऱ्या माणसाचं आपल्याला फार कौतुक असतं. रुग्णालयांच्या चादरी धुणाऱ्या कारखान्याचे मुकादम या कौतुकावरच मोठे झाले होते. त्यामुळे मंगळवारी संध्याकाळी ते स्वयंपाकघरात स्टुलावर बसून, उजवा पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून, गॅसच्या ज्योतीवर सुई तापवत होते, याचं घरात कुणाला नवल वाटलं नाही.

अंगठ्याचं नख काळंनिळं पडलं होतं. आत रक्त साकळलं होतं आणि ठणका पार घोट्यापर्यंत जात होता. नखाला तापल्या सुईनं भोक पाडलं की रक्त निघून जातं आणि आराम पडतो, असं त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं.

"जावईबापू, सुई तापवून काय शिवताय?"

दारात सासूबाई उभ्या होत्या. रुग्णालयाच्या ड्रेसिंगच्या खोलीत एकतीस वर्षं नोकरी करून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि चार दिवसांसाठी लेकीकडे आल्या होत्या. आल्यापासून त्या जावयाच्या वाटेला गेल्या नव्हत्या.

"काही नाही, आई. न्हाणीघराचं दार लागलं. किरकोळ आहे."

"किरकोळ असतं तर सुई लागली नसती. दाखवा."

त्यांनी आधी गॅस बंद केला, मग जावयाच्या हातातून सुई काढून घेतली. चष्मा लावून अंगठा पाहिला, वाकवायला सांगितला. तो वाकेना.

"तुमच्या साखरेच्या आजाराच्या गोळ्या चालू आहेत ना?"

"आहेत."

"आणि घरात बसून नखाला भोक पाडणार! जंतू आत गेले तर अंगठ्यावरचं पायावर येईल. साखर नसलेल्यानंही हा उद्योग करू नये. भोक पाडायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील, आणि स्वच्छ हत्यारानं तेच पाडतील."

सासूबाईंनी बर्फ जाड फडक्यात गुंडाळून अंगठ्यावर धरला, घड्याळ लावून दहा मिनिटं. पाय दोन उशांवर ठेवायला लावला. नेहमीच्या डॉक्टरांनी चालते म्हणून सांगितलेली दुखण्याची गोळी दिली.

"घरचा इलाज इथं संपला. अर्ध्याहून जास्त नख काळं झालंय, हाडाला लागलं असणार. उद्या सकाळी एक्स-रे फोटो काढायचा."

"उद्या जमायचं नाही. परवा जाईन."

"का? उद्या काय मुहूर्त आहे?"

एवढ्यात मुकादमांची बायको धुवायला घेतलेला मोजा घेऊन आत आली. "अहो, यावर ही काळी रेघ कसली? चारदा घासली, निघतच नाही."

सासूबाईंनी मोजा उजेडात धरला. रबराचा पट्टा बोटांवरून आडवा गेला होता. "जावईबापू," त्या म्हणाल्या, "दाराला चाक कधीपासून लागलं हो?"

मग खरं बाहेर आलं. कारखान्याच्या फाटकात एक फळा होता. वर रंगानं लिहिलेलं होतं, 'अपघाताविना दिवस', आणि खाली रोज सकाळी मुकादम स्वतः खडूनं आकडा लिहीत. आज एकशे नव्याण्णव होता. उद्या दोनशे. मुख्य कचेरीतून मोठे साहेब येणार होते, मुकादमांच्या हाती मानचिन्ह देणार होते. कामावर कुणाला लागल्याची नोंद झाली की आकडा शून्यावर येई. आणि लागलं होतं ते कामावरच. चार नंबरच्या ढकलगाडीचा ब्रेक दोन महिने निकामी होता. उतारावर ती थांबवायला चाकाखाली टॉवेलाची घडी सारायची, अशी सगळ्यांना सवय झाली होती. आज दुपारी ओल्या चादरींनी भरलेल्या गाडीखालून घडी निसटली आणि चाक मुकादमांच्या सँडलमधल्या बोटांवरून गेलं.

"तुमच्याआधी कुणाच्या पायावरून गेली ती?" सासूबाईंनी विचारलं.

तीन आठवड्यांपूर्वी चादरींच्या घड्या घालणारी बाई लंगडत मुकादमांकडे आली होती. ते तिला म्हणाले होते, "घरी दार लागलं म्हणून सांगा. तुमच्या एका अंगठ्यापायी सगळ्यांची मेहनत पाण्यात जाईल." ती खाली बघत "बरं" म्हणाली होती. आपण प्रकरण किती शिताफीनं मिटवलं, याचा त्यांना त्या दिवशी अभिमान वाटला होता.

हे त्यांनी सांगितलं, तुटक तुटक.

"तेव्हा लिहिलं असतंत तर गाडी दुसऱ्या दिवशी दुरुस्त झाली असती, आणि आज तुम्ही उशांवर पाय ठेवून बसला नसता," सासूबाई म्हणाल्या. "फळ्यावर लिहिला नाही म्हणून अपघात टळतो होय? तो फक्त पुढच्या माणसाची वाट बघतो."

"पण आई, दोनशे दिवस!"

"त्या दोनशे दिवसांत काय काय झालं ते तुम्हाला तरी कुठे माहीत आहे? मी एकतीस वर्षं ऐकलं, दार लागलं, पायरी चुकली, हातातून पातेलं पडलं. त्यातली किती दारं खरी होती, देव जाणे!"

मुकादमांनी तडजोड काढली. कार्यक्रम नऊला, दवाखाना अकराला.

सकाळी ते मोकळ्या चपला घालून, टाच टेकत कारखान्यात पोचले. फाटकात माणसं जमली होती. साहेब आले होते, टेबलावर मानचिन्ह होतं. मुकादमांनी कालचा आकडा पुसला आणि खडू हातात घेतला. तेवढ्यात त्यांचं लक्ष उताराकडे गेलं. घड्या घालणारी बाई चार नंबरच्या गाडीशी खाली वाकून टॉवेलाची घडी चाकाखाली सारत होती. बोटं चाकापासून दोन इंचांवर होती. गाडी भरलेली होती.

"हात काढा! आधी हात काढा तिथून!"

तिनं दचकून हात काढला. गाडी जागची हललीही नाही. काहीच घडलं नाही. पण मुकादमांच्या कपाळावर घाम आला होता. ते फळ्याकडे वळले आणि त्यांनी मोठं शून्य काढलं.

"मुकादम, हे काय?" साहेबांनी विचारलं.

"काल ही गाडी माझ्या पायावरून गेली, साहेब. त्याआधी या बाईंच्या पायावरून. तेव्हा घरी दार लागलं म्हणून सांगा, असं मीच यांना शिकवलं."

"झालं! गेलं मानचिन्ह," मागून कुणीतरी पुटपुटलं.

बाई सावकाश उठून उभी राहिली. "सांगितलं मी दार लागलं म्हणून," ती म्हणाली. "पण मुकादम, माझ्या न्हाणीला दारच नाही. पडदा आहे."

हशा पिकला. तो ओसरल्यावर इस्त्रीवाल्यानं बाही वर करून भाजल्याचा डाग दाखवला. टेम्पोवाला म्हणाला, "माझंही एक बोट आहे." साहेबांनी वही मागवली. अर्ध्या तासात सात नोंदी झाल्या. त्यांतल्या चार त्या एकाच गाडीच्या होत्या.

मानचिन्ह साहेबांबरोबर परत गेलं. गाडीचा ब्रेक त्याच दुपारी दुरुस्त झाला. एक स्प्रिंग बदलायला वीस मिनिटं लागली.

अकरा वाजता काढलेल्या फोटोत अंगठ्याच्या हाडाला बारीक चीर दिसली. "सुई घातली नाहीत हे नशीब," डॉक्टर म्हणाले. "जंतू थेट हाडापर्यंत गेले असते." हे नख गळून पडेल, नवं पुरतं यायला वर्षभर तरी लागेल, असंही त्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी मुकादमांनी घड्या घालणाऱ्या बाईला साहेबांनी पाठवलेल्या गाडीतून त्याच दवाखान्यात नेलं. वाटेत त्यांनी माफी मागितली. ती म्हणाली, "आधी फोटो तर निघू दे."

वाचकहो, बोटाला मार लागला तर गार फडकं ठेवा, पाय उंच धरा, विश्रांती घ्या. ठणका थांबत नसेल, बोट वाकत नसेल किंवा अंगात साखर असेल तर डॉक्टर गाठा, नखाशी घरी खेळू नका. एवढं तर कुणीही सांगेल. पण कुठे लागलं आणि कशानं लागलं, हेही खरं खरं सांगा. आणि कुणी सांगायला आलं तर त्याला गप्प बसवू नका. त्याच वाटेनं त्याच्यामागून आणखी कुणीतरी येत असतं.