पाऊण भरलेला गोल

कारखान्याच्या भिंतीवर ऑफिसने भला मोठा तक्ता लावला. डावीकडे माणसं, वरती कामं: बाही, खिसा, काज, कॉलर. प्रत्येक चौकटीत एक गोल. अर्धा भरला तर माणूस मदतीने काम करतो, पाऊण भरला तर एकट्याने, आणि पुरा भरला तर दुसऱ्यालाही शिकवू शकतो. गोल भरायचं काम मास्तरांकडे आलं. शिलाई मशीनवर बसणारी ही सगळी माणसं त्यांच्याच हाताखाली होती.

बाकीच्यांचे गोल त्यांनी भराभर भरले. कॉलरवालीपाशी पेन अडलं.

तिच्यासारखी कॉलर खुद्द मास्तरांनाही जमत नसे. पण कॉलरचा गोल ज्याचा पुरा, त्याला नमुना विभागात घेणार होते, आणि तिथे कायमची दिवसपाळी. कॉलरवालीला तेच हवं होतं. दुपारपाळी करून ती घरी पोचायची तेव्हा लेक झोपलेली असायची.

"पोरीची नि माझी गाठ फक्त उशीवर पडते, मास्तर," ती हसत म्हणायची.

ती गेली की माल रखडणार आणि साहेब आपल्याला फाडून खाणार, हे मास्तरांना ठाऊक होतं. त्यांनी तिचा गोल पाऊण भरला आणि पेनाला टोपण लावलं.

ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती तक्त्यासमोर जरा वेळ उभी राहिली आणि सरळ त्यांच्याकडेच आली.

"माझं काय कमी पडतं हो?"

"तसं काही नाही. जरा... कॉलरच्या टोकाला."

"मला कधी कळलंच नाही. दाखवाल?"

तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत ती चिंध्यांवर टोकं काढत बसू लागली. आणि हात बिघडत चालला. जी टीप ती बोलता बोलता मारायची, ती आता अडखळत मारी, उसवी, पुन्हा घाली. मास्तर शेजारी उभे राहून "हां, जरा सैल" असं काहीबाही सांगत.

इस्त्रीवाला त्यांचा मेहुणा. तो सगळं बघत होता.

"दाजी, तिला काय शिकवताय?"

"कॉलर."

"तुम्ही? माझ्या सदऱ्याला लावली होतीत, तेव्हा लोक विचारायचे, मान लचकली का म्हणून!"

मास्तर हसले नाहीत. मेहुण्याने इस्त्री बाजूला ठेवली.

"तिला सगळं येतं, दाजी. तुमच्या शब्दाखातर ती विसरायला लागलीय."

त्याच सुट्टीत कॉलरवालीने नवी कॉलर पुढे केली. बोटाला सुई लागून चिंधी बांधलेली.

"आता तरी?"

मास्तर तक्त्याकडे गेले आणि त्यांनी गोल पुरा केला. तुला आधीपासूनच येत होतं, एवढंच सांगायला ते वळले. पण ती डोळे पुसत होती.

"तुम्ही एवढं शिकवलंत म्हणून झालं, मास्तर."

मास्तरांनी ते न सांगताच पेनाला टोपण लावलं.

ती दिवसपाळीला गेली. जाताना स्वतः शिवलेला सदरा त्यांना देऊन गेली. मेहुण्याने तो कडक इस्त्री करून दिला.

"घाला की, दाजी."

"गळ्याला आवळतो."

"मापाचा तर आहे."

"आहे मापाचा," मास्तर म्हणाले आणि सदऱ्याची घडी तशीच हातात धरून बसले.