फक्त येणारी विमानं

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. महाडजवळच्या दासगावात एका घराच्या माळ्यावर, तांदळाच्या रिकाम्या पिंपाशेजारी माझा मुक्काम असतो. माझा पडदा काळा पडला आहे आणि पोटातली, सगळं साठवून ठेवणारी तबकडी कायमची बिघडली आहे. ती कशी बिघडली हे आठवलं, की आजही मी हादरतो.

२००१ साली फुरकाननं मला आखातातून आणलं. तिथल्या विमानतळावर तो सामान चढवायचं काम करी. दोन वर्षं नोकरी, मग दोन महिने रजा. माझ्या खोक्याला नायलॉनची दोरी करकचून बांधून वर त्यानं मोठ्या अक्षरांत स्वतःचं नाव आणि 'महाड' लिहिलं होतं. सारा मोहल्ला मला बघायला लोटला. त्याच्या बायकोनं, जहांआरानं, माझ्यावर भरतकामाचा रुमाल घातला. मी काय फुशारलो म्हणता! रजा संपली, फुरकान गेला आणि मी त्याच्या नऊ वर्षांच्या लेकीच्या, सुम्बुलच्या ताब्यात आलो.

माझ्यासोबत शहर वसवायच्या खेळाची सीडी आली होती. रस्ते आखायचे, वीज-पाणी द्यायचं, की माणसं राहायला येतात. दोन वर्षांत सुम्बुलनं तीस हजार वस्ती केली. खाडीला धक्का बांधला, टेकडीवर शाळा बांधली. खेळात मशीद नव्हती, म्हणून एका वाचनालयालाच तिनं मशीद ठरवून टाकलं.

शहर वाढलं तशी पडद्यावर लाल अक्षरांत लोकांची मागणी येऊ लागली: विमानतळ हवा. सुम्बुल दर वेळी 'नाही' दाबायची. लोक रुसले, दुकानं बंद पडली, तरी नाही म्हणजे नाही! मला वाटलं, पोरीला खेळ कळत नाही. माझी अक्कल तेवढीच.

खेळाच्या डब्यात कंपनीचं एक कार्ड होतं. पुढच्या आवृत्तीत काय हवं ते लिहून पाठवा, म्हणून. एका दुपारी सुम्बुलनं ते माझ्यासमोर बसून लिहिलं: 'विमानतळावर फक्त येणारी विमानं ठेवा. जाणारी नकोत. मग मी लगेच बांधीन.'

मी थिजलोच. परदेशात कार्ड कसं टाकायचं हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. जहांआरानं ते कपाटात ठेवून दिलं.

पुढं फुरकान रजेवर आला. परत जायला चार दिवस उरले असताना, सुम्बुल शाळेत गेल्यावर, तो माझ्यासमोर बसला. लाल अक्षरं त्याला दिसली.

"पोरीला ह्ये जमलेलं दिसत नाय," तो हसून बायकोला म्हणाला. "मी बांधून ठेवतो. खूश होईल."

आणि त्यानं बांधला, मित्रांनो! अगदी मायेनं, धावपट्टी खाडीच्या अंगाला घेऊन. मी निमूट बांधू दिला.

सुम्बुल दप्तरासकट आत आली, तेव्हा पडद्यावर पहिलं विमान वर चढत होतं.

"ह्यो कुणी बांधला?"

"मी! कसा हाय?"

तिनं किंकाळी फोडली आणि माझी वायर भिंतीतून उपटली. नेमका त्याच क्षणी मी शहर जतन करत होतो. पोटात काहीतरी करकरलं आणि तीस हजार माणसं गेली.

फुरकानचा हात हवेतच राहिला. "अगो, एवढं काय झालं? खेळच हाय ना?"

 जहांआरानं कपाटातलं कार्ड काढून त्याच्या हातात दिलं. ते वाचून फुरकान भुईवरच बसला. म्हणाला, "रोज जाणारी विमानं मीच भरतो गो तिथं."

शुक्रवारी जीप दारात आली. सुम्बुल माझ्या काळ्या पडद्यासमोर दाराकडे पाठ फिरवून बसली होती. फुरकान चपला घातलेला तसाच आत आला आणि त्यानं कार्ड तिच्यापुढे धरलं.

"ह्ये मी तिथनं टाकतो. खाली मी पण लिवलंय, बघ."

तिच्या अक्षरांखाली वेड्यावाकड्या ओळीत लिहिलं होतं: 'माझी पण हीच मागणी. सुम्बुलचा बाप.'

तेव्हा कुठं तिनं वळून त्याचा शर्ट घट्ट धरला. जीपवाल्यानं दोनदा भोंगा वाजवला.

मित्रांनो, चालू यंत्राची वायर ओढू नका, आमच्या पोटात कुणाचं तरी शहर असतं. आणि कुणाचं अडलेलं काम मायेनं पुरं करायला निघालात, तर त्यानं ते का अडवून ठेवलंय, एवढं आधी विचारा. मला कारण ठाऊक होतं, पण मला तोंड नाही. तुम्हाला आहे.