माझ्या प्लेटांचा काही दोष नव्हता

मी मोटारसायकल बोलतेय. जुनी आहे, पण खोटं बोलत नाही. तरी माझं कुणी ऐकलं नाही! चढाचढाला बोंबलून सांगत होते, क्लच प्लेटा चांगल्या आहेत, पोटात भलतंच काहीतरी गेलंय. पण जुनी गाडी कुरकुरली की लोक म्हणतात, वय झालं.

मला घरी आणलं आप्पांनी. स्वतःच्या दाढीपेक्षा माझ्या टाकीवर त्यांचा जीव जास्त. पुढे त्यांचे गुडघे गेले आणि मी शेडमध्ये गोणपाटाखाली. उंदरांनी माझ्या सीटमध्ये खुशाल बाळंतपणं उरकली.

मग त्यांच्या लेकीनं, ताईनं, बेकरी काढली. टेकडीवरच्या दवाखान्यात रोज सकाळी पाव पोचवायचे होते. तिनं मिस्त्रीला बोलावून मला खोलायला घेतलं. सगळं जमलं, क्लचपाशी घोडं अडलं. माझी कंपनी बुडून जमाना झाला, प्लेटा मिळणार कुठून? ताई जुनी प्लेट बोटात अडकवून दुकानं पालथी घालत फिरली.

"बाई, ही कुठल्या काळातली?" एक दुकानदार हसला.

"तुझ्या फळीवरच्या धुळीपेक्षा नवीच आहे," ताई म्हणाली.

शेवटी दुसऱ्याच गाडीच्या प्लेटा मापाला आल्या. फक्त दाते जरा रुंद. मिस्त्री कानशीनं घासत म्हणाला, "परक्या घरी नांदायचं तर थोडं घासून घ्यावंच लागतं."

"मग नवऱ्यांनाही घासा की!"

प्लेटा झकास बसल्या. पण दोन दिवसांत टेकडीवर इंजिन बोंबलायला लागलं आणि चाक ढिम्म. दवाखान्याच्या स्वयंपाक्यानं बजावलं, "आता उशीर झाला तर दुसरा पाववाला बघेन."

मग ताईनं कुठूनशा अगदी माझ्याच मॉडेलच्या प्लेटा पैदा केल्या. त्याही घसरल्या! आप्पा खुर्चीतून गरजले, "मिस्त्री बिनकामाचा!" मिस्त्री म्हणाला, "गाडीच थकलीय." एक हॉटेलवाला तर मला बागेत उभी करून सीटवर कुंडी ठेवायला टपलेलाच होता. माझ्या पाठीवर कुंडी! मेले असते त्यापेक्षा.

"एकदाच शेवटचं उघडा," ताई म्हणाली. झाकण निघालं. तिनं आतलं तेल बोटांत चोळलं. साबणासारखं निसटतं.

"मिस्त्री, हे तुम्ही घातलं?"

"छे! हे तर मोटारीचं. तुमच्या गाडीच्या प्लेटा तेलातच असतात. एवढं गुळगुळीत तेल पाजलं तर त्या एकमेकींना धरणार कशा?"

खुर्ची करकरली.

"जावई आपल्या मोटारीला ते भारी तेल घालतो," आप्पा पुटपुटले. "मग माझ्या गाडीनं काय घोडं मारलंय? तुमचं साधं तेल काढून मी गुपचूप भरत होतो. दोन्ही वेळा."

ताईनं कपाळावर हात मारला. मग हसता हसता तिथंच फरशीवर बसली.

प्लेटा धुतल्या, साधं तेल भरलं. आता मी पावांचे क्रेट घेऊन टेकडी अशी चढते की बघत राहावं. सुखात आहे. एवढंच सांगते, गाडीवर जीव लावा, पण विचारून लावा.

सुट्टीच्या दिवशी ताई आप्पांना मागे बसवून फिरवते. वाटेत कुणी विचारतंच, "काय हो, एवढे दिवस गाडी का अडली होती?" ताई खांद्यावरून मागे अंगठा दाखवते आणि साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी ओरडते,

"आप्पा!"