आर्डिस बाकेनच्या संगणकातली गळती

आर्डिस बाकेनच्या उजव्या गुडघ्याचं दुखणं जगात दोघींनाच ठाऊक होतं: तिला स्वतःला आणि रॉचेस्टरच्या डॉक्टरीणबाईंना. धाकट्या बहिणीला, कॉरिनला, तिनं मुद्दामच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर कॉरिननं जिन्याचं आणि अंगणातल्या बर्फाचं पुराण लावलं असतं आणि शेवटी 'घर वीक' याच पालुपदावर येऊन थांबली असती.

कॉरिन आणि तिचा नवरा वेंडेल समोरच राहत. मधे अंगण, तीस-चाळीस पावलांचं. फेब्रुवारीतल्या एका सकाळी कॉरिन आली आणि आईची लेफ्से, म्हणजे बटाट्याची नॉर्वेजियन पोळी, नीट लाटली जात नाही म्हणून कृती शोधायला आर्डिसच्या संगणकापाशी बसली. जरा वेळानं तिनं मान वळवली.

"आर्डिस, गुडघा कुणाचा गं?"

"कसला गुडघा?"

"हा बघ ना. पट्टे, मलमं, आणि ही आपोआप जिना चढणारी खुर्ची. आपल्या दोघींत जिना फक्त तुझ्याकडे आहे."

"जाहिराती आहेत त्या. सगळ्यांनाच येतात."

"मला नाही येत," कॉरिन म्हणाली, आणि आर्डिसच्या पायांकडे बघत बघत बटाटे उकडायला निघून गेली.

आर्डिसला राग आला, पण रागापेक्षा नवल जास्त वाटलं. गुडघ्याबद्दल तिनं इंटरनेटवर एक अक्षर शोधलं नव्हतं. फक्त डॉक्टरीणबाईंना एक पत्र लिहिलं होतं. संगणकावर टाइप केलं, छापलं, पाकिटात घातलं आणि पोस्टात टाकलं. मग बंद पाकिटातली गोष्ट बाहेर आली कशी? पाणी कुठंतरी मुरत होतं.

आणि पाणी कुठं मुरतं हे शोधण्यातच तर तिची चौतीस वर्षं गेली होती. ती काउंटीची पाणी-तपासनीस होती. दक्षिण मिनेसोटाचा हा भाग सगळा चुनखडकाचा. जमीन मधेच खचते, खड्डा पडतो, आणि त्यात गेलेलं पाणी भुयारी वाटांनी भलत्याच झऱ्याला निघतं. कुणाच्या विहिरीला वास येऊ लागला की आर्डिस संशयित खड्ड्यात हिरवा रंग ओतायची, आजूबाजूच्या झऱ्यांवर नजर ठेवायची. रंग जिथं निघेल तिथं वाट.

तिनं संगणकातल्या प्रोग्रॅमांची यादी उघडली. एकेचाळीस! त्यातले सात-आठच तिनं स्वतः घेतलेले. बाकीचे संगणकाबरोबरच आलेले, नाहीतर दुसऱ्याच्या पदराला धरून घुसलेले. आयत्या बिळावर नागोबा.

गुरुवारी ती वाचनालयात गेली. तिथली फे ऑस्ट्रँडर दर गुरुवारी लोकांच्या संगणकांची दुखणी बघत असे.

"नको असलेले सगळे उडवून टाक," फे म्हणाली. "अर्ध्या तासाचं काम."

"उडवले तर चोर कोण ते कसं कळणार?"

"बाई, तुला चोर पकडायचाय की दार लावायचंय?"

"आधी पकडायचाय. मग लावू."

फे हसली. "चौतीस वर्षं केलंस तेवढं पुरलं नाही वाटतं!"

पहिले तीन दिवस आर्डिसनं कशालाच हात लावला नाही. रंग ओतण्याआधी झऱ्यात मुळात काय आहे ते बघून ठेवावं लागतं. समोर येईल ती जाहिरात तिनं वहीत उतरवली. गुडघा, गुडघा, जिना. आणि अधूनमधून एक वेगळीच: अॅरिझोनातली बैठी घरं, बाहेर खजुराची झाडं. हे कुठून आलं ते तिला कळेना. तिनं पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

मग तिनं थापा मारायला सुरुवात केली. प्रत्येक प्रोग्रॅमला एकच थाप, आणि ती दुसऱ्या कुणाला सांगायची नाही. हवामान सांगणाऱ्याला तिनं सांगितलं की आपण अलास्कातल्या एका बेटावर राहतो. फोटो लावून ठेवणाऱ्यात जुन्या कॅलेंडरातले पोपट भरले. आणि फुकटात शुद्धलेखन तपासून देणारा जो मदतनीस होता, त्याच्या देखत एका अस्तित्वातच नसलेल्या मावसभावाला तिनं ऐसपैस पत्र लिहिलं: माझ्या दोन्ही लामांची खुरं फार वाढलीत, मोठा तर लंगडतोय, काय करू? लिहिता लिहिता तिला त्या लांब मानेच्या, लोकरी जनावराची खरोखरच कीव आली.

थापांच्या चौथ्या दिवशी चहाचा कप हातात घेऊन ती बसली, आणि पडद्यावर लामाची खुरं कापायची कात्री झळकली.

"अरे वा!" ती रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हणाली. इतका आनंद तिला निवृत्त झाल्यापासून झाला नव्हता. म्हणजे डॉक्टरीणबाईंचं पत्रही शुद्धलेखनवाल्यानंच वाचलं होतं. दुपारी अलास्कात घालायचे बूटही आले. पोपट मात्र आले नाहीत, आठवडाभर वाट बघूनही. फोटोवाला बिचारा निर्दोष निघाला. त्याला तिनं ठेवून घेतलं.

नको असलेले एकवीस जण एका सकाळीच गेले. शुद्धलेखनवाला दुसऱ्या दिवशी परत हजर! आर्डिसनं फेला फोन लावला.

"त्याचा एखादा भाऊबंद मागे राहिला असेल," फे म्हणाली. "संगणक सुरू होताना कोण कोण आपोआप उठतं, ती यादी बघ."

त्या यादीत 'सुधारणा सेवा' असं सोज्वळ नाव घेऊन एक जण बसला होता. गेलेल्याला परत आणायचं काम त्याचंच. तिनं दोघांना बरोबरच बाहेर काढलं. त्या भरात एक हवा असलेलाही गेला, आणि बोट फिरवलं तरी पान सरकेना. तो मात्र शोधून परत आणावा लागला.

दोन आठवड्यांत लामा आटले. गुडघाही आटला. अॅरिझोना तेवढी येतच राहिली.

मग एका दुपारी कॉरिन बर्फ तुडवत आली, कोटसुद्धा न काढता. "आर्डिस, माझ्या फोनवर लामा का येतायत? वेंडेल मला चिडवून चिडवून हैराण करतोय!"

आर्डिस खदखदून हसली, आणि मधेच थांबली. लामा अंगण ओलांडून गेला होता. दोन्ही घरं तिच्याच वायफायवर चालत. जाहिरातवाल्यांच्या लेखी हे एकच घर. इकडचं तिकडे जात असेल, तर तिकडचंही इकडे येणारच.

म्हणजे अॅरिझोना कॉरिनची होती.

बहीण चालली होती, आणि आपल्याला बोलली नव्हती. 'केव्हा जाताय?' हे अगदी ओठांवर आलं. पण त्या सकाळी कॉरिननं आपल्या पायांकडे कसं बघितलं होतं, आणि आपल्याला किती उघडं पडल्यासारखं वाटलं होतं, तेही तिला आठवलं.

"फोन दे," ती म्हणाली.

दोघी टेबलापाशी बसल्या. फोनमधला विजेरीचा प्रोग्रॅम कॉरिनचा ठावठिकाणा घेत होता.

"विजेरीला मी कुठं आहे ते कशाला हवंय?" कॉरिन म्हणाली. "अंधारात मीच तिला धरलेली असते ना!"

तो गेला. त्याच्यामागे आणखी नऊ गेले. मग कॉरिननं हळूच विचारलं, "तुझ्या पडद्यावर माझं काही आलं का गं?"

"आलं."

"काय?"

"त्याबद्दल मी विचारणार नाही. तुला वाटेल तेव्हा सांग. माझं मात्र आताच सांगते. गुडघा माझाच आहे. बदलायला लागणार."

"ते मला नोव्हेंबरातच कळलं. जिना उतरताना प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवतेस तू. बाहेर ऐकू येतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून वाट बघत होते. तीन महिने! त्या जाहिराती दिसल्या तेव्हा वाटलं, चला, आता तरी तोंड उघडेल. तर तू म्हणे सगळ्यांनाच येतात."

कॉरिननं कोट काढून खुर्चीवर टाकला. वेंडेलच्या छातीला इथली थंडी सोसत नाही, ती म्हणाली. डॉक्टर म्हणतात, निदान हिवाळ्यात तरी कोरड्या हवेत राहा. "घर घ्यायचं नाहीये. पाच महिने भाड्यानं. पण तुला सांगायला जीभच उचलेना. तू इथं एकटी."

"मी एकटी नाही. माझ्याकडे दोन लामा आहेत," आर्डिस म्हणाली. कॉरिन हसता हसता रडू लागली, आणि आर्डिसनं तिला रडू दिलं.

एप्रिलमध्ये गुडघा बदलला. सहा आठवडे कॉरिन खालच्या खोलीत झोपायला आली, आणि 'घर वीक' हे तिनं दोनदाच म्हटलं. नोव्हेंबरात ती आणि वेंडेल गाडी भरून अॅरिझोनाला गेले. दर रविवारी तिचा फोन येतो. हवेचं सांगून झालं की शेजारणीच्या तक्रारी.

आर्डिस आता गुरुवारी वाचनालयात फेच्या शेजारी बसते. परवा बर्जर ल्योकेन नावाचे एक म्हातारे शेतकरी संगणक घेऊन आले. आत त्रेसष्ट प्रोग्रॅम होते. त्यांना माशांचे गळ सोडून दुसरी जाहिरात दिसत नाही, आणि ते आयुष्यात कधी मासेमारीला गेलेले नाहीत.

"सगळे उडवून टाका," फे म्हणाली.

"थांब, थांब," आर्डिस म्हणाली आणि तिनं खुर्ची पुढे ओढली.