साडेसहाची यादी

“काय आजोबा, आज कुणावर राग?” दार ढकलतानाच सिस्टर नेहमीसारखी ओरडली.

आजी पलंगाच्या कडेला नवऱ्याचा हात धरून बसल्या होत्या.

“आलीस होय? मला वाटलं, आता कोणी यायचं नाही.”

“म्हणजे?”

“पहाटे गेले गं. सातला कोपऱ्यावरच्या दुकानातल्या लँडलाइनवरून तुमच्या ऑफिसला कळवलं. ती मुलगी म्हणाली, ‘बरं, सिस्टरचं काम बंद करते.’ मी म्हटलं, बंद नको, तिला पाठव. तोवर फोन ठेवलासुद्धा.”

घरोघरी जाऊन आजाऱ्यांचं करण्याच्या एकोणीस वर्षांच्या नोकरीत सिस्टरला पहिल्यांदाच स्वतःच्या आवाजाची लाज वाटली. पुलापलीकडच्या या वस्तीत रेंजच नाही. म्हणून कामांची यादी सकाळी घरीच फोनमध्ये उतरवून घ्यायची, दिवसभर झालेल्या कामांवर टिका मारायच्या आणि परतताना पुलावर आलं की सगळं आपोआप ऑफिसला जायचं. आजची यादी साडेसहाची. तिच्यात आजोबांची तीन कामं होती: आंघोळ, जखमेची पट्टी, कूस बदलणं. यादी ताजी असती, तर ती इकडे फिरकलीही नसती.

“दुपारी मुलगा पोचतोय. तो यायच्या आत यांना नीट करायचंय,” आजी म्हणाल्या. “मला एकटीला हे वळवत नाहीत. आणि परका हात यांना खपायचा नाही, तुला ठाऊक आहे.”

गेलेल्या माणसाचं आम्हाला करता येत नाही, हे वाक्य सिस्टरच्या जिभेवर आलं होतं. ते तिने गिळलं आणि पाणी तापत ठेवलं.

घड्याळं दुरुस्त करण्यात जन्म गेलेला माणूस. पाच मिनिटं उशीर झाला की घर डोक्यावर घ्यायचा, पाणी गार लागलं की त्याहून जास्त. तिने सवयीने कोपर बुडवून पाणी पाहिलं. मग दोघींनी मिळून त्यांना पुसलं, वळवलं. पाठीची जखम पाच महिने भरली नव्हती. सिस्टर तिच्यावर नवी पट्टी लावू लागली.

“आता कशाला गं?”

“सदऱ्याला डाग पडेल,” ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. आजींनीच तिच्या पाठीवरून हात फिरवला.

निघताना तिने तिन्ही कामांवर टिका मारल्या.

पुलावर फोन थरथरला. तीन लाल ओळी. ‘हे काम ७ वाजून १० मिनिटांनी बंद झाले आहे. नोंद स्वीकारली नाही.’ खाली दोन बटणं: पुसा, नंतर. पाठोपाठ सुपरवायझरचा फोन आला.

“अहो, बंद झालेल्या घरी पाऊण तास काय करत होतात?”

“आंघोळ घातली.”

“कुणाला?”

“आजोबांना.”

“बरं, त्या नोंदी पुसून टाका. नाहीतर फोन रोज तेच विचारत बसेल.”

फोन रोज सकाळी विचारतो. ती ‘नंतर’ दाबते, त्या दिवसाची यादी उतरवून घेते आणि पिशवी उचलते.